पिस्तुलाचं चौथं पान

माझ्या सासऱ्यांनी मृत्युपत्रात माझ्यासाठी एक पिस्तूल आणि एक शब्द ठेवला. पिस्तुलाचं ठीक होतं, शब्द मात्र मला फार लागला. 'माझे पिस्तूल माझ्या जावयास द्यावे, त्यास परवाना मिळाल्यास.' माझा मेहुणा हे मोठ्याने वाचत होता. 'मिळाल्यास'पाशी तो थांबला, खोकला, आणि तेवढाच शब्द त्याने पुन्हा एकदा वाचला. पहिल्या वेळी मला तो अगदी स्वच्छ ऐकू आला होता.

आता माझा धंदा सांगितल्याशिवाय या अपमानाची खोली कळायची नाही. मी विमा कंपनीत दावे तपासतो. लोकांनी भरलेले अर्ज माझ्या टेबलावर येतात आणि त्यातले निम्मे मी परत पाठवतो. कुणी रकाना कोरा सोडलेला असतो, कुणी सहीच्या जागी तारीख घातलेली असते, कुणी नुसतं 'हो' किंवा 'नाही' लिहायचं तिथे आपली कर्मकहाणी मांडलेली असते. परत पाठवलेला अर्ज पंधरा दिवसांत दुरुस्त होऊन आला नाही, तर मी स्मरणपत्र पाठवतो. पंधराव्या दिवशी, सोळाव्या नव्हे. तोवरच्या सव्वीस वर्षांत माझ्या हातून अर्धवट अर्ज एकदाही पुढे गेलेला नव्हता. अशा माणसाला म्हणे 'मिळाल्यास'.

खरं सांगायचं तर मला पिस्तूल नकोच होतं. घरात झुरळ निघालं तरी मी खुर्चीवर चढून बायकोला हाक मारतो. मला हवा होता परवाना. तो चौकटीत लावून मेहुण्याला जेवायला बोलवायचं आणि त्याच्या बरोबर समोर येईल असा टांगायचा, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती.

"कशाला हवंय ते?" बायको म्हणाली. "आहे तिथे राहू दे की."

पिस्तूल होतं परवाना कार्यालयाच्या तिजोरीत. नियम असा की मालक वारला की हत्यार तिथे जमा करायचं आणि वारसाने वर्षाच्या आत स्वतःच्या नावावर परवाना काढायचा. नाही काढला तर ते वितळवून टाकतात. बायको हे शांतपणे सांगत होती. आपल्या वडिलांची एकुलती एक नाव घेण्यासारखी वस्तू वितळणार, याचं तिला काहीच कसं वाटत नाही, याचं मला नवल वाटलं. नवल वाटून मी थांबलो नसतो तर बरं झालं असतं.

आमच्या समोरच्या दारात एक गृहस्थ राहतात. कुणी न विचारता त्यांनी आजवर मला जेवढे सल्ले दिले आहेत, त्यांची वही केली तर कपाट भरेल, म्हणून घरात आम्ही त्यांना सल्लागार म्हणतो. पिस्तुलाची बातमी त्यांना माझ्याआधी कळली असावी, कारण मी जिना चढून येईपर्यंत त्यांचं मत तयार होतं.

"परवाना ही भानगडच मुळात चुकीची आहे," ते म्हणाले. "चोर कधी अर्ज भरतो का? तो सरळ हत्यार घेतो आणि कामाला लागतो. रांगेत उभं राहायचं ते तुमच्याआमच्यासारख्या सज्जनांनी."

त्यातला 'सज्जन' मला आवडला आणि बाकीचंही पटलं. ज्याला स्वतःवर शंका घ्यायची सवय नाही, त्याला हा युक्तिवाद फार लवकर पटतो, हे मला पुढे कळलं.

परवाना कार्यालयात चार नंबरच्या खिडकीत एक बाई बसतात. चष्मा साखळीला, बोटात पानं उलटायची रबरी टोपी, टेबलावर एकही सुटा कागद नाही. पाहताक्षणी मला त्या आपल्यातल्या वाटल्या. अर्ज चार पानी, प्रश्न बावीस. मी तो तिथेच बाकावर बसून भरला आणि नमुना म्हणून भिंतीला लावावा अशा अक्षरात भरून खिडकीत सरकवला. बाईंनी पहिली तीन पानं उलटली. चौथ्यावर त्यांचं बोट थांबलं.

"सतराव्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही लिहिलंय."

"सगळीच उत्तरं मी लिहिलीत."

"सतरावा प्रश्न तुम्हाला नाहीये."

चौथ्या पानाच्या माथ्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हे पान अर्जदाराच्या पत्नीने अथवा पतीने स्वहस्ते भरावे.' त्याखाली प्रश्न सतरावा होता: 'अर्जदाराच्या रागाची घरात कोणास भीती वाटते काय?' त्यापुढे माझ्या वळणदार अक्षरात उत्तर होतं, 'लागू नाही.'

याचा खुलासा केला पाहिजे. आमच्या धंद्यात कोरा रकाना म्हणजे पाप. एखाद्या रकान्याचं काय करावं हे कळेनासं झालं की आम्ही 'लागू नाही' लिहितो आणि पुढे जातो. माझा हात इतका सरावलेला आहे की प्रश्न डोक्यात शिरायच्या आत उत्तर कागदावर पडलेलं असतं. बारीक अक्षरं न वाचल्याबद्दल मी शेकडो लोकांना परत पाठवलं आहे. त्यांच्यातला कुणी त्या दिवशी रांगेत नव्हता, एवढंच माझं नशीब.

"'हो' किंवा 'नाही'," बाई म्हणाल्या. "'लागू नाही' हे उत्तर होत नाही. घरी घेऊन जा."

माझा अर्ज परत आला होता. मग मी जे बोललो ते थोडं मोठ्याने बोललो. पिस्तुलाचा आणि माझ्या बायकोचा संबंध काय, हे सरकारी कार्यालय आहे की सोयरीक जुळवायचं दुकान, उद्या मी घोरतो का तेही विचाराल, असं बरंच. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, नवीन चौथं पान पुढे सरकवलं, आणि माझ्या अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काहीतरी बारीक लिहिलं. ते काय होतं ते मला अजून माहीत नाही, पण अंदाज आहे.

घरी येऊन मी पान बायकोपुढे ठेवलं. "दोन अक्षरं लिहायचीत. 'नाही' लिही आणि खाली सही कर."

तिने पान हातात घेतलं. तेवढ्या मजकुराला जितका वेळ लागावा, त्याहून कितीतरी जास्त वेळ ती ते वाचत राहिली. मग म्हणाली, "हात ओले आहेत. नंतर बघते." आणि ओल्याच हाताने तिने ते शिलाई मशीनच्या खणात ठेवून दिलं.

बायकोची सही म्हणजे घरचंच काम, ते कधीही होईल, म्हणून मी बाकीच्या अटींकडे वळलो. पहिली अट फोटोची. 'चेहरा नेहमीचा असावा.' फोटोग्राफरने तीन फोटो काढले आणि तिन्ही मला न दाखवता फाडले. "साहेब, कुणावर चिडलाय का?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही, हा माझा नेहमीचा चेहरा आहे. चौथ्या खेपेला त्याने मला दाढदुखीतून नुकतंच बरं झाल्याचं मनात आणायला सांगितलं आणि तो फोटो चालला. म्हणजे माझा नेहमीचा चेहरा नियमात बसत नव्हता.

दुसरी अट शेजाऱ्यांची. दोन शेजाऱ्यांचा अभिप्राय कार्यालय परस्पर मागवतं, आणि ते शेजारी आपण निवडायचे नसतात. एक समोरचा, एक खालचा. समोरची चिंता नव्हती. खाली नर्सबाई राहतात, आणि त्यांचं माझं चार वर्षं बोलणं नव्हतं.

कारण अगदी किरकोळ. माझ्या गॅलरीतल्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायचं. त्या सांगायला आल्या तेव्हा मी जिन्यात उभा राहून म्हणालो होतो, "पाणी खालीच पडतं, वर पडत नाही. तक्रार निसर्गाकडे करा." आवाज असा लागला होता की तिसऱ्या मजल्यावरच्यांनी दार उघडून पाहिलं. हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की दुसऱ्या दिवशी ऑफिसातही मी ते दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा लोक हसले. माझ्या हाताखालचे लोक आहेत, हसणारच.

"सोपं आहे," सल्लागार म्हणाले. "वर्षभर गोड वागा. परवाना हातात पडला की मग आपलं नेहमीचं आहेच."

माणसाने आयुष्यात जे सल्ले ऐकले, त्यांतला सर्वात नीच सल्ला कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी हाच सांगेन. सर्वात चांगला कोणता, असं विचारलं तरी हाच.

मी कामाला लागलो. कुंड्यांखाली थाळ्या ठेवल्या. जुना कोट कापून त्याचे गोल तुकडे खुर्च्यांच्या पायांना चिकटवले. दार ढकलून न देता हाताने लावायला शिकलो. उरला आवाज. त्यावर सल्लागारांनी तोड काढली. माझा आवाज जिन्यात ऐकू आला की ते आमची घंटा एकदा वाजवणार. दार उघडायचं नाही, मी फक्त समजून घ्यायचं. पहिल्या आठवड्यात घंटा इतकी वाजली की दूधवाला आला तरी कुणी उठेना. एकदा मी वर्तमानपत्र कुठे आहे एवढंच विचारलं तर घंटा वाजली. मी दार उघडून म्हटलं, "मी ओरडत नव्हतो, विचारत होतो." सल्लागार म्हणाले, "जिन्यात फरक कळत नाही." मी आत आलो. आतही फरक कळत नसेल, हे मला तेव्हा सुचलं नाही.

महिन्या-दीड महिन्यात घंटा दिवसातून तीनदा, मग एकदा अशी उतरत गेली. एके दिवशी मुलगी जेवताना म्हणाली, "बाबा, आज एकदाही नाही वाजली."

हे वाक्य तिने टेबलावर बसून म्हटलं, हे विशेष. माझी मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. त्याआधीची कित्येक वर्षं ती ताट वाढून घ्यायची, आपल्या खोलीत जायची आणि आतून कडी लावायची. मला वाटायचं, अभ्यासू आहे. ऑफिसात मी तिचं कौतुक करायचो, की आमची मुलगी जेवतानासुद्धा वाचते. आता ती टेबलावर जेवू लागली. तिच्या कॉलेजातल्या एका सरांना खडू हातात धरून खडू शोधायची सवय होती. ते कसे शोधतात, हे तिने मला चमचा घेऊन करून दाखवलं. मी हसलो. हसताना ती माझ्याकडे जरा टक लावून पाहत होती, आणि बायको तिच्याकडे. मला वाटलं, वय वाढलं की मुलं शहाणी होतात.

तिसरी अट पेटीची. हत्यार लोखंडी पेटीत हवं, पेटी भिंतीत पक्की हवी, आणि भिंत दुसऱ्या बिऱ्हाडाशी सामाईक नको. आमच्या घराच्या सगळ्या भिंती कुणाच्या ना कुणाच्या तरी आहेत. निव्वळ आमची म्हणता येईल अशी एकच भिंत निघाली, न्हाणीघरातली. गवंडी म्हणाला, इथे नळी असेल. सल्लागार म्हणाले, नळी डावीकडे असते. गवंड्याने उजवीकडे यंत्र लावलं आणि नळी तिथेच होती.

पाणी खालीच पडतं, वर पडत नाही. ते नर्सबाईंच्या छतातून त्यांच्या पलंगावर, पलंगावरून जमिनीवर आणि जमिनीवरून त्यांच्या पुस्तकांच्या पेटीकडे चाललं होतं. मी बादली आणि फडकी घेऊन खाली गेलो तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. माझ्या घशापर्यंत काय आलं होतं ते आता सांगून उपयोग नाही. सल्लागार घाईघाईने दोन पायऱ्या उतरून आले होते, पण घंटा वर राहिल्यामुळे हात चोळत उभे होते.

"चुकलं माझं," मी म्हटलं. दोनच शब्द, पण ते कुठे ठेवले होते ते मला शोधावं लागलं.

नर्सबाईंनी मला आत घेतलं. आम्ही दोघांनी मिळून ती खोली पुसली. त्या फडकं माझ्यापेक्षा चांगलं पिळत होत्या, आणि पिळता पिळता त्यांनी विचारलं, "पिस्तुलाच्या पेटीसाठी ना हे?"

"हो. वारसा आहे. पण बाई, तुम्हीच सांगा, चोर कधी अर्ज भरतो का?"

"नाही भरत," त्या म्हणाल्या. "मी एकोणीस वर्षं अपघात विभागात आहे. गोळी लागलेलं माणूस आणतात तेव्हा बरोबर एक पोलिस असतो आणि एक घरचा माणूस. कितीदा तरी गोळी त्या घरच्या माणसानेच झाडलेली असते. तो वाईट नसतो हो. बाकावर बसून एकच सांगत राहतो, मला एवढा राग कसा आला कळलंच नाही. त्याला कळलेलं नसतं. घरातल्यांना मात्र कळलेलं असतं."

मी फडकं पिळत राहिलो. थोड्या वेळाने विचारलं, "तुमच्याकडे माझा कागद येईल. काय लिहाल?"

"चार वर्षांपूर्वीचं एक लिहीन," त्या म्हणाल्या, "आणि आजचं एक."

त्यांनी खरंच दोन्ही लिहिलं, आणि तो अभिप्राय चालला. डॉक्टरांचा दाखला आला. पेटी नळी वाचवून एकदाची बसली. असे दहा महिने गेले. मधूनमधून मी बायकोला विचारायचो, पान दिलंस का? ती म्हणायची, बघते. सातव्या महिन्यात म्हणाली, पोस्टाने पाठवलं. माझा तिच्यावर विश्वास आहे. शिवाय तेव्हा रात्रीची जेवणं झाली की आम्ही तिघं टेबलावरच गप्पा मारत बसत होतो, आणि उगाच उठून पावती मागण्याइतकं ते मला महत्त्वाचं वाटेनासं झालं होतं. एवढं कळत होतं, तर पुढचंही कळायला हवं होतं.

एका शनिवारी सकाळी मी चार नंबरच्या खिडकीत गेलो. बाईंनी फाईल काढली, पानं उलटली.

"चौथं पान नाहीये."

"पोस्टाने आलंय. तुमच्याकडेच कुठेतरी हरवलं असेल."

"बाकीची पानं हरवतात कधीकधी," बाई म्हणाल्या. "हे पान इथे कधी हरवत नाही. हे घरातच हरवतं." त्यात टोमणा नव्हता. रोजचं काम सांगावं तसं त्यांनी सांगितलं. "तीन आठवडे उरलेत तुमचे."

घरी आलो तर मुलगी टेबलावर पेरूच्या फोडी खात बसली होती आणि बायको काहीतरी शिवत होती. मी मशीनचा खण ओढला. बटणांच्या डब्याखाली पान होतं. घडी न पडलेलं, स्वच्छ आणि कोरं.

त्यानंतर मी काय बोललो ते शब्दशः आठवत नाही, आणि आठवलं असतं तरी लिहिलं नसतं. आठ-नऊ महिने न वापरलेला आवाज होता, जोमदार निघाला. घंटा वाजली. पुन्हा वाजली. मग सल्लागारांनीही नाद सोडला. मुलगी उठली. तिने घाई केली नाही, रडली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. फोडींची ताटली उचलली, खोलीत गेली, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

तो आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. आपण तो ऐकत नाही आहोत, हेही मला कळलं नव्हतं. मी मध्येच थांबलो. वाक्य अर्धं राहिलं.

"अप्पांनीही हाच अर्ज भरला होता," बायको म्हणाली. अप्पा म्हणजे तिचे वडील. तिने सुई कापडात खोचून ठेवली. "मी नऊ वर्षांची होते. हे पान आईकडे होतं. तिने सात महिने ते दाबून ठेवलं. त्या सात महिन्यांत अप्पा आमच्याशी पत्ते खेळायचे. मुद्दाम हरायचे. आईला वाटलं, माणूस बदलला. तिने 'नाही' लिहिलं आणि सही केली. ज्या आठवड्यात परवाना आला, त्याच आठवड्यात पत्त्यांचा जोड कपाटावर गेला. मी आणि दादा खुर्चीवर चढून तो काढायला गेलो, तर अप्पा असे ओरडले की दादा खुर्चीवरून पडला. त्यानंतर आम्ही कधी पत्ते मागितले नाहीत."

"म्हणजे तू मला फसवलंस," मी म्हटलं. त्या घटकेला मला एवढंच सुचलं.

"हो," ती म्हणाली. "मला वाटलं, वर्ष तरी काढावं. चांगले गेले दहा महिने. तिला वडील कसे असतात ते कळलं थोडं."

मग तिने माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं, पान मशीनच्या फळीवर ठेवलं आणि सतराव्या प्रश्नापुढे 'हो' लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली. रकाना बरोबर, अक्षर सुवाच्य. माझ्या टेबलावर आलं असतं तर मी ते एका नजरेत मंजूर केलं असतं.

सल्लागारांचं मत अर्थातच वेगळं होतं. "नवीन पान आणा, 'नाही' लिहा, सही तुम्हीच ठोका. कोण बघतंय?" मी त्यांना म्हटलं, मी बघतोय. सव्वीस वर्षं तेच करतोय.

सोमवारी मी पान खिडकीत दिलं. बाईंनी ते वाचलं, रबरी टोपी बोटातून काढून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "हे जोडलं तर अर्ज नामंजूर होणार. त्यापेक्षा मागे घ्या. नोंद राहणार नाही."

"अर्ज पूर्ण आहे ना?" मी विचारलं.

"पूर्ण आहे."

"मग जोडा."

त्यांनी शिक्का मारला आणि पावती दिली. खाली छापलेलं होतं, 'तीन वर्षांनी फेरअर्ज करता येईल.' पुढच्या महिन्यात पिस्तूल वितळवल्याचं पत्र आलं. मेहुण्याचा फोन आला. तो 'मिळाल्यास' म्हणायची वाट पाहत होता, पण त्याआधी मीच त्याला विचारलं, तू खुर्चीवरून पडला होतास तेव्हा किती वर्षांचा होतास? तो अकरा म्हणाला, आणि आम्ही दुसरं काहीतरी बोललो.

त्या शब्दाचा मी पुढे पुष्कळ विचार केला. अप्पांना ते पान ठाऊक होतं. आपल्यामागे ते कुणाच्या हातात जाणार, हेही ठाऊक होतं. पिस्तूल त्यांना सरळ मुलाला देता आलं असतं. ते जावयाला दिलं, म्हणजे चौथं पान लेकीकडे गेलं. 'मिळाल्यास' हा शब्द माझ्यासाठी नव्हताच, असं मला आता वाटतं. तिला तोंडाने जे सांगता आलं नाही, ते त्यांनी तिथे लिहून ठेवलं असेल. किंवा नसेलही. विचारायला ते नाहीत.

सल्लागार अजून म्हणतात की परवान्याच्या अटी म्हणजे सज्जनांचा छळ. मी वाद घालत नाही. चोर अर्ज भरत नाही हे खरंच आहे. मी भरतो, आणि तो अर्ज माझ्यासारख्यांसाठीच केलेला आहे. न्हाणीघरात पेटी बसवायला लावणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, तिच्यात आम्ही आता साबण ठेवतो. पण चौथ्या पानाबद्दल माझी तक्रार निराळी आहे. ते फक्त पिस्तुलासाठी का मागतात? माझ्या लग्नाच्या वेळी मागितलं नाही, मी बाप झालो तेव्हा मागितलं नाही. सतरा वर्षं मी विनापरवाना फिरत होतो.

मुलगी त्याच वर्षी शिकायला दुसऱ्या शहरात गेली. तिथलं कॉलेज इथल्यापेक्षा चांगलं होतं असं नाही. फोन येतो, आणि मी उचलला तर ती विचारते, "बाबा, कसे आहात?" मी म्हणतो, बरा आहे. मग ती म्हणते, "आई आहे का?" मी फोन देतो. माझ्या आवाजाची आता सल्लागारांनाही तक्रार नाही. घंटा दूधवाल्याखेरीज कुणी वाजवत नाही. खुर्च्यांच्या पायांचे तुकडे मी दोनदा बदलले.

यंदा तीन वर्षं झाली. बायको स्वतःच म्हणाली, "आता विचारलंत तर 'नाही' लिहीन. घरात कोणाला भीती वाटत नाही."

ती हे मनापासून म्हणाली, आणि मला फार बरं वाटायला हवं होतं. पण मी अर्ज वाचणारा माणूस आहे. प्रश्नात 'घरात कोणास' असं म्हटलंय. जिला वाटायची, ती आता घरात नाही.

मी चार नंबरच्या खिडकीत गेलो. बाईंनी मला ओळखलं. "तुमचं पिस्तूल आता नाहीये," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, पिस्तूल नको, फक्त चौथं पान द्या. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. खणातून काढून दिलं.

सोबत चिठ्ठी लिहायची म्हणून मी तीन कागद खराब केले. तिन्हींमध्ये पहिल्या दोन ओळींनंतर मी स्वतःची बाजू मांडू लागलो होतो. शेवटी नुसतं पान घातलं. माथ्यावरची 'पत्नीने अथवा पतीने' ही बारीक अक्षरं खोडून तिथे 'मुलीने' लिहिलं. आत आमचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं एक रिकामं पाकीट ठेवलं, आणि मुलीच्या पत्त्यावर पोस्टात टाकलं.

त्याला आता चार महिने होतील. ऑफिसात पंधराव्या दिवशी माझा हात आपोआप छापील स्मरणपत्रांच्या गठ्ठ्याकडे गेला होता. तो मी मागे घेतला. फोन येतो तेव्हा मी त्याबद्दल काही विचारत नाही, कसे आहात म्हटलं की बरा आहे म्हणतो आणि तिच्या आईला हाक मारतो, हळू आवाजात. पोस्टमन साधारण अकरा वाजता येतो. सुट्टीच्या दिवशी मी त्या वेळेला गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत असतो.

स्मरणपत्र मी पाठवलेलं नाही.